दोघींच्या अंगठ्या: आजीच्या पाटल्या, केरीच्या किनाऱ्यावरचं समुद्रफेन आणि कणकेचे हात

बिल्वदळ

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. सोन्यातलं कळणारं कोणी असेल तर मला खरंच मदत हवी आहे. आमच्यासारखं कोणी असेल तर त्यांच्याशी बोलायचंही आहे.

मी डिचोली तालुक्यातली, वय ३७, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझी जोडीदार मूळची वेंगुर्ल्याची. म्हापशात तिची छोटी बेकरी आहे. आम्ही दोघी बायका आहोत हे आधीच सांगते, कारण गेल्या महिन्यात एका मोठ्या दुकानात अंगठ्या बघायला गेलो आणि तिथे काय झालं ते ऐका. मापं लिहायच्या वहीत 'जेंट्स' आणि 'लेडीज' असे दोन रकाने होते. मी म्हटलं, दोन्ही लेडीज. तो म्हणाला, "मॅडम, कपल रिंग हवी ना? मग मिस्टरांना घेऊन या." ती माझ्या शेजारीच उभी होती, हात काउंटरवर ठेवून. तिने हात मागे घेतला. आम्ही बाहेर आलो आणि टॅक्सी स्टँडपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

त्या हातासाठीच मला अंगठी हवी आहे. आणि ते हात जरा वेगळे आहेत, म्हणून प्रश्न.

पहाटे तीनपासून ते पिठात असतात. संध्याकाळी पखवाजावर. आमची ओळखच पखवाजामुळे झाली. २०१४ साली पेडण्यात महिला भजन स्पर्धा होती आणि आमच्या मंडळाची पखवाजवाली ऐनवेळी तापाने झोपली. वेंगुर्ल्याहून आलेल्या एका मंडळातली मुलगी म्हणाली, मी वाजवते, मला फक्त कणीक आणि पाणी आणून द्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पखवाजाच्या डाव्या तोंडावर मधोमध भिजवलेली कणीक थापतात, त्यानेच तो घुमारदार आवाज येतो. तिने पिठाचा गोळा पानावर, म्हणजे त्या चामड्याच्या तोंडावर, ठेवला, अंगठ्याने कडा दाबत नेल्या, एक थाप मारली, ऐकलं, नखाएवढं पीठ काढून टाकलं, पुन्हा थाप मारली. चार वेळा. मी मायक्रोफोनपाशी उभी राहून तेच बघत राहिले आणि आमच्या बाईंनी दोनदा हाक मारली तरी मला सूर लावायचं सुचलं नाही. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. तिचा फोन नंबर मी तालाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतला, तो अजून तिथे आहे.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा, म्हणजे आपल्यासारख्यांचं नातं गुन्हा नाही असा, निकाल दिला तो गुरुवार होता, चतुर्थी बरोबर आठवड्यावर आलेली. मी शाळेतून थेट म्हापशाला गेले. बेकरीत गिऱ्हाईक होतं, त्यामुळे आम्ही एकमेकींकडे नुसतं बघितलं. तिने मला गरम पावांची पिशवी दिली आणि पैसे घेतले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या लग्नाला मान्यता नाही असा निकाल आला, तेव्हा नवरात्राचा तिसरा दिवस होता. संध्याकाळी देवळात मखरोत्सवाचं भजन ठरलेलं होतं. ती आली, कणीक लावली, वाजवलं. त्या रात्री तिची थाप इतकी जड पडत होती की मला गाताना रडू आवरत नव्हतं. घरी परतताना तिने विचारलं, मग आता आपण कशाची वाट बघायची?

आमच्या गोव्यात लग्न ठरलं की आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या करायला जातात, मग काही दिवसांनी पक्क्या सह्यांसाठी परत. धाकट्या भावाच्या वेळी साक्षीदार म्हणून मी सही केली. तसल्या वहीत आमची नावं लागायची नाहीत. मंगळसूत्राचा विचार आम्ही केला, पण एकीने घालायचं की दोघींनी, कोणी कुणाला, हे दोघींनाही जमेना. अंगठी मात्र एकसारखी दोघींच्या हातात बसते. शिवाय शाळेत अंगठीवरून कोणी प्रश्न विचारत नाही.

सोनं आजीचं. तिच्या चार पाटल्या होत्या. दोन वहिनीला दिल्या. उरलेल्या दोन जायच्या आधी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "एक तुझी. दुसरी ती पीठवालीची. तिचे हात अगदी बोडके दिसतात." आजीला आम्ही कधी काही सांगितलं नव्हतं.

आता तिसरी गोष्ट. पेडण्यातल्या केरीला, तेरेखोलच्या मुखाजवळ, आम्ही दर पावसाळ्याआधी एकदा जातो. तिथे वाळूत समुद्रफेन सापडतं, म्हणजे माकूळाच्या पाठीतलं पांढरं हाड. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात ते. ह्या वेळी तळहातापेक्षा मोठी दोन सापडली. ह्या हाडात कोरून सोनं ओततात आणि हाडातल्या थरांच्या रेघा जशाच्या तशा सोन्यावर उमटतात, ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या, असं मी वाचलं. तिला दाखवलं तर तिने हाड हातात घेऊन नखाने ओरखडून बघितलं आणि म्हणाली, "माका सोन्यातला काय कळना नाय. पण ह्याच होया."

तर मला विचारायचंय ते असं. दोन्ही पाटल्या एकत्र वितळवाव्यात का? समुद्रफेनात ओतकाम आपल्याकडचा सोनार करेल का? रेघांमध्ये कणीक अडकून बसेल त्याचं काय करायचं? आणि सोनाराला अंगठ्या कोणासाठी आहेत ते सांगावं की नुसती मापं द्यावीत? तिला पुन्हा त्या काउंटरपाशी उभं करायची माझी हिंमत नाही.

---

सोनाराची_लेक

मी फोंड्याची, आमचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. सगळं नीट सांगते.

आधी पाटल्या. जुन्या पाटल्या बऱ्याचदा आतून पोकळ असतात आणि त्यात लाख भरलेली असते. काट्यावर दिसेल ते सगळं सोनं नव्हे. तुमच्यासमोर लाख काढायला लावा, मग वजन करा, ते वजन कागदावर लिहून घ्या. जुनं सोनं २२ कॅरटचं असेलच असं धरू नका. आमचे आजोबा कसोटीवर कस लावून सांगायचे, आता मशीनवर दोन मिनिटांत आकडा येतो. दोन्ही घ्या. सांधे जिथे झाळलेत, म्हणजे डाग देऊन जोडलेत, तिथला तुकडा वेगळा तपासा. जुन्या झाळीत शिसं असेल तर सगळं सोनं कडकडीत होतं आणि ठोकताना तडकतं.

एकत्र वितळवाच. दोघींच्या अंगठ्या एकाच मुशीतल्या असतील तर रंग तंतोतंत जुळतो.

२२ कॅरट मऊ असतं. रेघांचं नाजूक काम आणि रोज पिठातला हात, दोन वर्षांत रेघा गुळगुळीत होतील. १८ वर उतरवा. हिशेब सोपा आहे: १० ग्रॅम २२ कॅरटमध्ये शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम, १८ म्हणजे ७५ टक्के, म्हणून एकूण १२.२ ग्रॅम होईपर्यंत चांदी आणि तांबं मिसळायचं. कोणी म्हणेल सोनं भ्रष्ट केलं. तसं काही नसतं, शुद्ध सोनं तेवढंच राहतं.

समुद्रफेन. जुनी पद्धत आहे आणि उत्तम आहे. हाड उभं कापून दोन भाग करायचे, किंवा दोन हाडं घ्यायची. मऊ बाजू पॉलिश पेपरवर घासून सपाट करायच्या. मधे अंगठीचा नमुना ठेवून दाबायचा, वर सोनं ओतायला नरसाळ्यासारखी वाट आणि हवा जायला बारीक खाचा कोरायच्या, मग तारेने आवळून बांधायचं. हाड पूर्ण वाळलेलं हवं. ओल राहिली तर सोनं अंगावर उडतं, ह्यात हयगय नको. एक साचा एकदाच वापरता येतो, तो जळून जातो. दोन अंगठ्यांना दोन साचे लागतील आणि एखादा फुकट जाईल असं धरून हाडं जास्त आणा. घाण वास येतो, जळक्या केसांसारखा.

कणीक अडकणारच. रेघांचे माथे थोडे घासून घ्या आणि आतली बाजू गोलसर ठेवा, म्हणजे मऊ ब्रशने निघते. पण बेकरीत पीठ मळायचं यंत्र असेल तर तिथे अंगठी घालून हात अजिबात नको. त्या वेळी साखळीत घालून गळ्यात ठेवा. माप सकाळी एकदा आणि भट्टीपाशी काम झाल्यावर एकदा घ्या, गरमीने बोटं फुगतात. आपल्याकडचं माप साधारण असं की बोटाचा घेर मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्यातून ४० वजा करायचे. ५२ मिलिमीटर म्हणजे १२ नंबर.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: सांगा. ज्याच्या हातात आजीचं सोनं देणार त्याला अंगठ्या कोणाच्या हे ठाऊक असायला हवं. ज्याला ऐकवणार नाही त्याच्याकडे देऊ नका.

---

जुनं_ते_जपा

अभिनंदन दोघींचं. पण पाटल्या मोडू नका, हात जोडून सांगते. मी आईची ठुशी मोडून बांगड्या केल्या, त्याला अकरा वर्षं झाली, अजून चुटपुट लागते. आजीने एकेक पाटली दिली ती घालायला दिली. तशाच घाला, अंगठ्यांना नवीन सोनं घ्या.

---

बिल्वदळ

ताई, तुमचं पटतंय म्हणूनच इतके महिने पाटल्या कपाटात आहेत. पण तिच्या हातात पाटली चढतच नाही. मनगट रुंद, आणि पखवाजावर पाटली आपटते. आजीला तिचे हात बोडके नको होते. कपाटात ठेवून ते होत नाही.

---

दर्यादेगेर

बाय गो, मी पण वेंगुर्ल्याचीच. सोना सगळा तुझ्या आजयेचा, मगे आमच्या चेडवाचा काय? तिच्या घरातला काय तरी त्या मुशीत पडाक होया. ल्हानपणातले वाळे आसतीत तर बघ. चांदी घालूचीच आसा ना?

---

सांजवात५८

मुली, सोन्यातलं मला काही कळत नाही. तुझं लिहिलेलं तीनदा वाचलं.

आम्ही दोघे पुरुष. २३ वर्षं एका घरात राहिलो, फोंड्याजवळ. गावाला तो माझा मावसभाऊ. अंगठ्या आम्ही कधी केल्या नाहीत, एकदा जत्रेत चांदीच्या घेतल्या होत्या, त्या बोटात घट्ट झाल्या आणि डब्यात गेल्या. तो गेला तेव्हा रुग्णालयाच्या फॉर्मवर 'नाते' ह्या शब्दापुढे मी पेन धरून बसलो आणि काहीच लिहू शकलो नाही.

म्हणून हे सांगतो, अंगठ्यांच्या आधी वाच. गोव्यात वारसाहक्काचा कायदा बाकीच्या देशापेक्षा वेगळा आहे. मूळ पोर्तुगीज नागरी संहितेचं आहे, आता २०१२ चा गोव्याचा उत्तराधिकार कायदा लागू आहे. मूलबाळ किंवा आईवडील असतील तर मिळकतीचा अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो, तो मृत्युपत्रानेही दुसऱ्याला देता येत नाही. उरलेला अर्धा तू तुझ्या इच्छेने हिला देऊ शकतेस, पण तसं मृत्युपत्र केलं तरच. भावंडांसाठी असा राखीव हिस्सा नसतो. त्याचे आईवडील आधीच वारले होते, मूल नव्हतं, म्हणजे त्याला सगळं माझ्या नावे करता आलं असतं. आम्ही उद्या करू म्हणत राहिलो. घर भावांकडे गेलं. त्यांनी मला काढलं नाही, पण भाडेकरू म्हणून राहतो.

बँकेचं तरी आता सोपं झालंय. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की आपल्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही. दोघी एकदम जा, दोन्ही खात्यांवर नावं लाव. मृत्युपत्राची तारीख ठरव. मग अंगठ्या कर, आणि त्यांचं काय झालं ते इथे लिही. मी वाट बघतो.

---

बिल्वदळ

सहा आठवड्यांनी लिहितेय. काका, सगळ्यात आधी तुम्हाला: नॉमिनीची नावं लागली. मृत्युपत्राचे मसुदे तयार आहेत, दोघींचेही, पुढच्या सोमवारी सह्या. माझे आईवडील आहेत म्हणून अर्ध्याचा नियम मला लागू आहे, वकिलांनी तेच सांगितलं. तिला आता फक्त आई आहे.

सोनार मिळाला तो आमच्याच डिचोलीत, बाजारातल्या बोळात. वयाने सत्तरीचे शेटमाम, एक ऐरण, एक गॅसचा नळा आणि भिंतीवर तेलाने काळी झालेली शांतादुर्गेची तसबीर. मी एकटीच गेले आणि दारातच सांगून टाकलं, दोन अंगठ्या, दोन बायकांच्या, आमच्या लग्नाच्या. ते पाटली चष्म्याजवळ धरून बघत होते. पाटलीवरची नजर न काढता म्हणाले, "मापं दोन्ही आणलीस? तिला घेऊन ये, माप मी स्वतः घेतो." दुसऱ्या दिवशी ती आली. त्यांनी तिचा हात उलटा करून तळवा बघितला, कणकेने आणि थापेने झालेले घट्टे बघितले, आणि विचारलं, "पखवाज?" मग दोघं अर्धा तास पानांच्या चामड्यावर बोलत बसले. माझं माप ११, तिचं १९.

पाटल्या २६ ग्रॅम भरल्या, लाख काढल्यावर २१.४. मशीनवर शुद्धता ८९ टक्के आली. लेकताई, तुमच्या हिशेबाने बसवलं तर १८ कॅरटला साधारण चार ग्रॅम मिसळायचं होतं. दोन ग्रॅम तांबं शेटमामांचं. दोन ग्रॅम चांदी वेंगुर्ल्याची: तिच्या आईने तिच्या बारशाचा वाळा पाठवला, सोबत एक शब्द नाही, नुसता रुमालात गुंडाळून, बसच्या कंडक्टरच्या हाती. झाळीचा तुकडा कापून टाकून बाकीच्यातून दोन ग्रॅम घेतले. दर्यादेगेर ताई, हे तुमच्यामुळे.

पाटल्या मुशीत गेल्या तो क्षण मला जड गेला, खोटं कशाला सांगू. कडा आधी गोल झाल्या, मग पाटली मधोमध खचली, आणि एकाएकी तिथे पाटली नव्हतीच, एक थरथरता गोळा होता. शेटमामांनी सवागीची, म्हणजे टाकणखाराची, चिमूट टाकली तेव्हा तो आरशासारखा लखलखला. वाळ्याचा तुकडा त्यात पडला आणि बुडाला.

पहिला साचा फसला. सोनं अर्ध्यावरच गोठलं, हाड फोडल्यावर चंद्रकोरीसारखी अर्धी अंगठी निघाली. शेटमाम म्हणाले, हवेला वाट कमी पडली. दुसऱ्या हाडात त्यांनी केसाएवढ्या आणखी तीन खाचा कोरल्या आणि सोनं जास्त तापवलं. ओतलं तेव्हा हाडाच्या चिरेतून पिवळी ज्योत आली आणि खोलीभर जळक्या केसांचा वास पसरला. तिने नाक दाबलं नाही. पाण्यात टाकल्यावर काळा कोळसा सुटला आणि आत अंगठी, वरच्या गोळ्यासकट, मळकट आणि खरखरीत. शेटमामांनी गोळा कापला, आतली बाजू घासली, रेघांचे माथे नुसते पुसले. केरीची वाळू, अगदी तशीच. तिची अंगठी ८.२ ग्रॅम भरली, माझी ६.१. घासण्यात गेलेलं धरून १०.८ ग्रॅम उरलं, ते पुडीत बांधून त्यांनी तिच्या हातात दिलं. मजुरी घेतली, पण हाडावर कोरायच्या दिवसाची घेतली नाही.

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी, समईसमोर, अंगठ्या घातल्या. आईने दोघींना कुंकू लावलं आणि पाया पडू दिलं. बाबा माजघरात होते, बाहेर आले नाहीत, पण दार उघडं ठेवलं होतं. लेकताई, बेकरीत ती अंगठी साखळीत घालून गळ्यात ठेवते, तुम्ही सांगितलंत तसं.

दुसऱ्या दिवशी देवळात एकादशीचं भजन. कणीक लावायच्या आधी तिने अंगठी काढली. ठेवायला जागा शोधत इकडेतिकडे बघितलं आणि मग सगळ्या मंडळासमोर माझ्यापुढे धरली. माझ्या बोटांत ती सैल होते, अंगठ्यात मात्र बरोबर बसते. मी ती अंगठ्यात घालून गायले, टाळ धरताना ती टाळाच्या दोरीवर घासत होती. कोणी काही विचारलं नाही. आमच्या बाईंनी एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि झांज उचलली. शेवटचा गजर झाल्यावर मी अंगठी परत दिली. तिने पदराला हात पुसून घातली, तरी एका रेघेत थोडी कणीक राहिलीच.